डाळिंबांचा वाडगा

प्रेत उंबऱ्याबाहेर गेलं, की त्या माणसाचा भाताचा वाडगा दगडावर फोडायचा, ही किनुएच्या माहेरची रीत. नाही फोडला, तर माणूस जेवायला परत येतो म्हणे.

लग्न होऊन ती जपानातल्या अरिता या कुंभारांच्या गावात आली. दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी तिला फडताळापुढे उभं केलं. "तुझा वाडगा तूच निवड. रोज त्यातच जेवायचंय."

फळीवर निळ्या नक्षीचे, चिनी मातीचे नऊ वाडगे होते. किनुएनं लाटांच्या नक्षीचा उचलला, तर तो चांगला गरम लागला. चूल अजून पेटायची होती. क्रौंचांचाही गरम. बांबूंचाही.

"आई, हे कुणाचे?"

"माझ्या सासूचा, थोरल्या जावेचा, अशाच गेलेल्या बायकांचे. आमच्याकडे फोडत नाहीत बाई. एवढं नाजूक काम, दगडावर आपटायला मन होतं का कुणाचं?"

डाळिंबांचा तेवढा थंडगार होता. किनुएनं घाईघाईनं तो घेतला.

"शोभतोय हो तुला," सासूबाई म्हणाल्या. "सांभाळ. पुढेही तोच लागेल."

न्याहारीचा भात तिनं कसाबसा संपवला. सासूबाई पाण्याला गेल्या, तशी ती मागच्या दारी आली आणि तिनं वाडगा पायरीच्या दगडावर आपटला. त्याचे तुकडे तुकडे झाले. आता थेट माहेर गाठायचं, एवढंच डोक्यात धरून ती बोचकं घ्यायला आत वळली.

फळीवर नऊ वाडगे होते. डाळिंबांचा आपल्या जागी होता.

तिनं त्याला बोट लावलं. तो गरम होता.