नायट्रसचा खप

“यादीतून दुसरं काहीही काढा, नायट्रसला हात लावू नका,” स्टोअरकीपर काका म्हणाले.

हॉस्पिटलची आवश्यक औषधांची यादी नव्याने ठरत होती. ऑपरेशनच्या वेळी हुंगवून भूल देतात, त्या नायट्रससारख्या औषधांतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, यावर बैठक अडली होती. एरवी काकांना अशा बैठकीत कोणी बोलवत नसे. आज खपाचे आकडे हवे होते म्हणून खुर्ची मिळाली होती. नवा शर्ट घालून आले होते.

“महिन्याला आठ मोठी सिलिंडरं लागतात. बाकीच्या बाटल्या सगळ्या मिळून याच्या जवळपासही येत नाहीत. दिवसरात्र चालू असतं, साहेब. सिलिंडर संपलं की मी स्वतः उभा राहून बदलून घेतो.”

अधीक्षकांनी मान डोलावली आणि नायट्रससमोर बरोबरची खूण केली.

“वापरतं कोण?” भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

काका हसले. “मलाच विचारता? तुम्हीच की.”

“मी इथे आले त्याला तीन वर्षं झाली. एकाही पेशंटला नायट्रस दिलेला नाही. थिएटरमधला तो नळ आम्ही उघडतच नाही.”

अधीक्षकांचं पेन हातातच राहिलं. काकांचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी सिलिंडरं विकतो, असं म्हणायचंय?”

“नाही हो, काका. सिलिंडरं रिकामी होतायत, हे खरंच आहे. पण गॅस वरपर्यंत येत नाही. वाटेतच कुठेतरी गळतोय. सिलिंडरं पाइपला कुठे जोडलीत?”

“तळघरात. माझ्या टेबलामागेच.”

“खिडकी?”

“आहे ना. पण धूळ फार येते, म्हणून बंदच ठेवतो. वास-बिस कसला येत नाही तिथे.”

“त्याला वास जाणवण्यासारखा नसतोच.” बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून काकांच्या शेजारी येऊन बसल्या. आवाज अगदी खाली आला. “काका, हा गॅस रोज श्वासातून गेला की हळूहळू नसा बिघडतात. खरं सांगा. पायांना मुंग्या येतात का?”

हे काकांनी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“यायच्या,” ते म्हणाले. “गेल्या वर्षापर्यंत. आता चप्पल पायात आहे की निसटली, ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही.”