विझणारी काडी

शमिकाने गोबरगॅस स्वतः बनवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यातून सोडला आणि नळीच्या तोंडाशी जळती काडी धरली. काडी विझली. दुसरीही विझली.

"इतकी वर्षं नुसते पापड लाटलेस," पडद्याला कधी बोटही न लावलेले तिचे गाईड, कुलथे सर, खेकसले. "म्हणे गॅसमधला कार्बन डायऑक्साइड गाळणार. होता तो गॅसही पेटेना. उद्यापासून हा विषय बंद."

शमिका रडकुंडीला आली. मग तिने नळी पडद्यापर्यंत चाचपत नेली आणि खो-खो हसत सुटली.

"सर, घाईत मी चुकीच्या नळीशी काडी धरली. इकडून गाळलेला कार्बन डायऑक्साइडच येतोय. तो काडी विझवणारच."

तिने पलीकडच्या नळीला काडी लावली. निळी ज्योत सरसरून उठली.

सरांनी कॉक बंद केला आणि तिच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली.

"सरक बाजूला. आता मी पेटवतो."