सातवा आवाज

"सहा!" किन्सेला ओरडला, आणि त्याच्यामागून नुसता वारा आला.

सबीना बॅरेट दगडी कुंपणाला हात टेकून थांबली. कुंपण ओलांडलं की ज्यानं त्यानं आपला आकडा ओरडायचा, एकापासून आठपर्यंत, ही वाटाड्या म्हणून तिची शिस्त. आठवडाभर मेयोच्या किनाऱ्यावरचे उंच कडे चालायला आलेल्या शहरी माणसांना त्याची गंमत वाटे. सबीनाला गंमत परवडत नव्हती. दोन हिवाळे झाले, समोरचं माणूस म्हणजे तिला धुराचा लोट झालं होतं. कडेकडेनं थोडा उजेड, मधोमध काळं. वाट पायांना पाठ होती, माणसं ती कानांनी मोजायची. हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं की वाट सुटली. सून तर चुलीजवळ खुर्ची मांडून तयारच होती.

"सात कोण? उभ्या उभ्या झोप लागली काय?"

"आठ," ऑलिव्ह क्विलिगन म्हणाली. आवाज अगदी बारीक.

सात म्हणजे हिचाच नवरा, फर्गस. उभा जन्म डब्लिनमध्ये लोकांची गाडी चालवायची परीक्षा घेण्यात गेलेला, कमी बोलणारा माणूस.

"तुमचे मालक कुठं राहिले, बाई?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

डाव्या हाताला वीस पावलांवर जमीन संपत होती आणि खाली तीनशे हात नुसती हवा होती. ज्याला डोळे होते त्याला एकदा मान वळवून भागलं असतं. तिनं मान वळवली. धूर.

"बरं," ती म्हणाली. आवाज सरळ ठेवायला तिला जीव गोळा करावा लागला. "जरा खेळ करू. समुद्राकडे बघा नि काय काय दिसतं ते एकेकानं सांगा. बघू तरी कुणाची नजर तेज आहे."

"पाणी," किन्सेला म्हणाला. "पुष्कळ आहे."

"पांढरे पक्षी! केवढे ते!"

"रंग बघा ना, अगदी बाटलीच्या काचेसारखा."

"आणि माणूस?" सबीनानं विचारलं. "माणूस दिसतं का कुठं?"

पुन्हा तेच हसणं. "माणसं दिसू नयेत म्हणून तर इथवर आलो, बाई!"

तिनं कुंपण सोडलं. अकरा पावलांवर सपाट कातळ होता, तो तिचा भरवशाचा. तिथं ती गुडघ्यांवर आली, मग पालथी पडली, आणि सरपटत कडेशी जाऊन खाली तोंड करून ओरडली, "क्विलिगन! अहो क्विलिगन!" खालून लाटांचा दणका आला, दुसरं काही नाही. माणूस खाली गेला होता, आणि आपण वर समुद्राचा रंग विचारत बसलो होतो.

"खाली बघा कुणीतरी!"

कुणी हललं नाही.

"अरे मेल्यांनो, खाली बघा! मला दिसत नाही! डोळे गेलेत माझे, दिसत नाही मला!"

हसणं कापल्यासारखं थांबलं. किन्सेला पुटपुटला, "देवा रे."

"मी इथं आहे, बाई."

क्विलिगनचा आवाज. तिच्या डावीकडून, फार लांबून नाही.

"पडलोबिडलो नाही मी. मीच ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं होतं. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. कालपासून संशय होता मला. बोलताना तुम्ही एकदासुद्धा माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत. माझी बायको तुमच्या मागनं या कड्यावरून चालते. मग मी काय करायचं होतं, सांगा तुम्हीच."

सबीना पालथीच राहिली. माणूस जिवंत होता. कातळावर गाल टेकून तिनं एकदा श्वास घेतला, आणि मग तिला कळलं की उरलं काहीच नाही. वाट गेली होती. आणि त्याला शिव्या घालाव्यात तर तो खोटंही बोलत नव्हता.

"मला सहलीच्या ऑफिसात सांगावं लागेल," क्विलिगन म्हणाला.

"सांगा."

"वाईट वाटतंय मला." तो एक पाऊल तिच्याकडे आला. त्याच्या बुटाखाली हिरवळ धप्प वाजली, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तशी.

सबीनाची मान ताठ झाली. त्याच्या पायांखालून समुद्र घुमत होता. पुढून नव्हे, खालून.

"हलू नका," ती म्हणाली.

"काय?"

"आहात तिथं थांबा. तुमच्याखाली जमीन नाही. नुसतं गवत आहे, खालची माती या हिवाळ्यात समुद्रानं नेली. आडवे व्हा. हळू. पोटावर. अंगाचा भार पसरू दे." मग मागे न वळता ती ओरडली, "बाकी कुणी कुंपण सोडाल तर खबरदार! कातळ कुठं संपतो ते माझ्या हातांना ठाऊक आहे, तुमच्या डोळ्यांना नाही."

मागे कुणाचं पाऊल वाजलं नाही. क्विलिगन आडवा होताना कापड गवतावर घासलेलं तिनं ऐकलं. कुठूनशी माती सुटली आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात पडली.

सबीना डावीकडे, त्याच्या बाजूच्या कातळाच्या धारेपर्यंत सरपटत गेली आणि तिनं हात लांब केला. हाताला वारा लागला. तिनं हात जरा डावीकडे नेला, मग उजवीकडे.

"हात करा माझ्याकडे, आणि बोलत राहा. काय वाट्टेल ते बोला. तुमच्या आवाजावर येते मी."

वारा. खाली दणका. क्विलिगनचा श्वासही ऐकू येईना.

"नुसता हात पुढे करून काय होणार, बोल ना रे, फर्गस!" कुंपणापासून ऑलिव्ह किंचाळली. "काहीतरी बोल! त्यांना दिसत नाही!"