घराण्यातलं दुखणं

"घरात आणखी कुणाला हा त्रास होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणालाच नाही," शालनताई सवयीनं म्हणाल्या. शेजारी त्यांची तृप्ती महिनाभर न विंचरलेल्या केसांनी जमिनीकडे बघत बसली होती. लेकीकडे पाहता पाहता शालनताईंचा बांध फुटला. "हिचे बाबा विहिरीत घसरून पडले नव्हते. त्यांनी जीव दिला. त्यांच्या आईनंही."

तृप्तीनं मान वर केली.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "या आजाराची बीजं रक्तातून येतात, पण ती प्रत्येकात रुजतातच असं नाही. झोप, ताण सांभाळला, वेळीच उपचार झाले, तर माणूस वाचतो."

"दादा गेला, त्याआधी महिनाभर तो झोपला नव्हता," तृप्ती आईला म्हणाली. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुझं लग्न ठरत होतं गं," शालनताई पुटपुटल्या.