तळहातावरचा भंडारा
“दोगं एकाच घोंगड्यात निजा रं,” चाळीस वर्षांपूर्वीचा म्हाळसामावशीचा आवाज मुख्यमंत्री मल्लप्पांना आठवला. आज तिच्याच लेकाचा, मंत्री बिरुदेवचा, राजीनामा त्यांनी मागितला होता. शाळेचं नवं छप्पर कोसळून तीन मुली गेल्या होत्या. सोलापूरच्या विश्रामगृहाबाहेर लोक बिरुदेवच्या नावानं शिमगा करत होते. तो गुमान सहीला वाकला, तेवढ्यात म्हाळसामावशीनं आत येऊन पदरात बांधलेला बिरोबाचा भंडारा मल्लप्पांच्या तळहातावर ओतला. “मल्लू, भंडारा उचलून कुणी खोटं बोलत न्हाय. माझ्या लेकानं पोरी मारल्या व्हय?” “आये, गप की!” बिरुदेव कळवळला. “चूक माझीच हाय.” “तुला न्हाय इचारलं.” मल्लप्पांची मूठ घामेजली, हळद रेषारेषांत उतरली. गप्प राहिलं की खुर्ची वाचणार होती. “मावशे, यानं कळवलं हुतं, छप्पर कच्चं हाय. निवडणुकीआधी उद्घाटन उरक म्हणून मीच दटावलं.”