बिनआवाजाची शेगडी

खुबा मोडून अंथरुणाला खिळल्यापासून आजी स्वयंपाकघर कानांनीच राखायची. शेगडीचं बटण कट्कन वाजलं, की तिची हाक गेलीच, "अहो, बंद करा ते!" विसराळू आजोबा निमूटपणे बटण मागे फिरवायचे. पुन्हा कट्. मग तिचा जीव भांड्यात पडायचा.

रविवारी मुलाने हौसेने टचवाली शेगडी बसवली. "आई, नुसतं बोट टेकवायचं, की काच तापायला लागते. तिचा टुंटुं आवाजही बंद करून टाकलाय, तुझी झोपमोड नको."

सोमवारी दुपारी आजीला जाग आली. मुलगा कामावर, घर चिडीचूप, शेजारची खाट रिकामी.

"अहो, शेगडीपाशी आहात का?"

"शेगडी कुठाय इथे?" स्वयंपाकघरातून आजोबांचा खुशीतला आवाज आला. "काळी काच आहे नुसती. तिच्यावर हात टेकून उभा आहे. छान ऊबदार होत चाललीय गं."