कोरी दोन वर्षं

मस्कतच्या टायपिंग सेंटरात सुगंधाचा नर्सिंग लायसन्सचा अर्ज भरता भरता रत्नागिरीच्या तय्यबभाईंची बोटं थांबली.

"ताई, ही दोन वर्षं कोरीच? एवढा गॅप इथं चालत नाय. काय करत होतात?"

"नोकरी सोडून आईच्या उशाशी होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून पेज भरवायची, पाठीच्या जखमा धुवायच्या."

"म्हणजे नर्सिंगच की! पण दाखला कुठाय? त्याच्याशिवाय लायसन्स खलास. व्हिसा संपायच्या आत गावाला परत जा, दुसरं काय!"

सुगंधा खुर्ची टेबलाजवळ ओढून पुन्हा त्यांच्यासमोर बसली.

 

"परत कशी जाऊ, भाई? दहाव्याला कावळा आईच्या पिंडाला शिवत नव्हता. 'मी पुन्हा नर्स होईन' म्हणून हात जोडले, तेव्हाच शिवला."